भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य तथा भास्कर द्वितीय (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणितज्ञ आणि ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील त्याच नावाच्या ज्योतिर्विदापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांच्या नावापुढे 'द्वितीय' हे विशेषण लावतात. 'सिद्धान्तशिरोमणी' (इ.स. ११५०) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ असून 'लीलावती' हा त्याचाच अंकगणितविषयक भाग आहे. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, या त्यांच्या विधानामुळे न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणारे शास्त्रज्ञ असा त्यांचा उल्लेख भाषणांत व शालेय निबंधांत वारंवार होतो. हा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. परंतु पडणाऱ्या वस्तू, बदलती गती आणि आपोआप फिरणारी चक्रे यांविषयी त्यांनी प्रत्यक्षात जे लिहिले, ते या दाव्यापेक्षा अधिक लक्षवेधी आहे.

वंश आणि गाव

गोलाध्यायाच्या अखेरीस भास्कराचार्यांनी स्वतःचा परिचय दिला आहे. त्यानुसार त्यांचे गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. वडील हेच त्यांचे गुरू होते. जन्मशक त्यांनी स्वतःच नोंदवला असून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचल्याचेही सांगितले आहे. प्राचीन भारतीय ग्रंथकारांच्या बाबतीत इतका नेमका कालनिर्देश क्वचितच मिळतो.

विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. विजापूर आणि बीड ही नावे सुचवली गेली आहेत. तथापि महाराष्ट्रातील बहुसंख्य अभ्यासकांचा कल जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ असलेल्या पाटण या गावाकडे आहे. त्याचे मुख्य कारण तेथील देवीच्या मंदिरातील शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या व घराण्यातील इतरांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला आणि त्याला स्थानिक निकुंभ सामंतांनी दान दिले. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या या लेखात घराण्याची वंशावळही आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव. यांतील भास्करभट्टांना भोज राजाकडून 'विद्यापती' ही पदवी मिळाली होती, तर लक्ष्मीधरांना यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्या दरबारी नेले. विद्या अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिली.

उज्जैनच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असे अनेक पुस्तकांत आढळते. मात्र भास्कराचार्यांनी स्वतःच्या परिचयात उज्जैनशी असा संबंध सांगितलेला नाही. भारतीय ज्योतिषात उज्जैनची रेखा हीच मध्यरेखा मानली जात असल्याने त्या नगरीचे नाव प्रत्येक सिद्धान्तग्रंथात येते. समजुतीचा उगम बहुधा तेथेच असावा.

पाटणच्या शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा तपशील गावकऱ्यांना कळावा हा त्यामागील हेतू उघड आहे. यादवांच्याच राज्यात, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी (नरसी नामदेव) येथे १२७० मध्ये संत नामदेवांचा जन्म झाल्याचे मानले जाते. म्हणजे चांगदेवांच्या मठानंतर दोन-तीन पिढ्यांतच मराठी ही अभंगाची आणि ग्रंथाची भाषा झाली. भास्कराचार्यांचे गणित व गोल मात्र आणखी कित्येक शतके संस्कृतातच राहिले.

ग्रंथरचना

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या दोन भागांना स्वतंत्र ग्रंथांचा मान मिळाला. ग्रहगणित व गोलाध्याय यांवर भास्कराचार्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले. येथे 'वासना' म्हणजे उपपत्ती, नियमामागील कारण. श्लोकात जे दोन शब्दांत सांगितले त्यामागचा युक्तिवाद या भाष्यात सापडतो, आणि पुढील विवेचनाचा बराच भाग त्यावरच आधारलेला आहे. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, शके ११०५ (इ.स. ११८३) मध्ये, पंचांगकर्त्यांना उपयोगी पडेल असा 'करणकुतूहल' हा सुटसुटीत ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यानंतर त्यांचा लेखी मागोवा संपतो.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, घटिकापात्राच्या छिद्रात तिच्या अंगावरील मोती पडल्याने लग्नाची वेळ टळली आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वपरिचित आहे. ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. भास्कराचार्यांच्या लेखनात तिला आधार नाही.

पृथ्वीचा आधार आणि पडण्याचे कारण

गोलाध्यायातील भुवनकोश या प्रकरणात पृथ्वीचे स्वरूप वर्णिले आहे. पृथ्वी गोल असून आकाशात निराधार आहे, असे भास्कराचार्य सांगतात. शेष, कूर्म, हत्ती असे आधार कल्पिणाऱ्यांना त्यांचे उत्तर साध्या तर्काचे आहे. पृथ्वीला आधार हवा तर त्या आधारालाही आधार हवा, आणि ही साखळी कधीच संपणार नाही. शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने राहतो असे मानायचे असेल, तर तीच शक्ती पहिल्यांदाच पृथ्वीच्या ठायी का मानू नये?

यानंतर आकर्षणाचे प्रसिद्ध विधान येते. पृथ्वीच्या ठायी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती स्वतःकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वीभोवतीचे आकाश मात्र सगळीकडे सारखेच असल्याने खुद्द पृथ्वीने कोणत्या दिशेला पडावे, असा त्याचा आशय आहे. 'वर' आणि 'खाली' या दिशा विश्वात सर्वत्र ठरलेल्या नसून त्या पृथ्वीच्या संदर्भातच आहेत, ही यातील खरी मोठी गोष्ट होय. आपल्या पायाखाली थेट पलीकडच्या बाजूला राहणारे लोक आपल्या दृष्टीने उलटे असतात, पाण्याकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या प्रतिबिंबासारखे. तरीही ते आपल्याइतकेच निर्धास्त उभे असतात, हेही ते आवर्जून सांगतात. पृथ्वी सपाट का भासते, याचे त्यांचे कारण असे की, परिघाचा अगदी लहान अंशच आपल्या नजरेत येतो आणि तेवढा भाग सपाटच दिसतो.

आकर्षणाची कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. वस्तूंना धरून ठेवणे हा पृथ्वीचा स्वभाव आहे, असे ब्रह्मगुप्तांनी सातव्या शतकातच म्हटले होते, आणि वराहमिहिरांनी चुंबकांच्या मध्ये तरंगणाऱ्या लोखंडाचा दृष्टान्त दिला होता. वैशेषिक दर्शनात वस्तू पडण्याचे कारण वस्तूच्याच ठायी मानले जाई. 'गुरुत्व' हा त्यांचा शब्द. भास्कराचार्यांनी ते कारण वस्तूकडून पृथ्वीकडे नेले. आजच्या मराठीतील 'गुरुत्वाकर्षण' या शब्दात वैशेषिकांचे गुरुत्व आणि ज्योतिर्विदांचे आकर्षण असे दोन्ही एकत्र नांदतात.

पृथ्वी पडत असती तर

याच प्रकरणात भास्कराचार्य बौद्धांच्या एका मताचा समाचार घेतात. पृथ्वी निराधार असेल तर ती अखंड खाली पडत असली पाहिजे, असे ते मत होते. त्यावर वासनाभाष्यात दोन टप्प्यांचा युक्तिवाद आहे. पृथ्वी पडत असती, तर वर सोडलेला बाण परत जमिनीवर आला नसता, कारण पृथ्वी व बाण दोन्ही पडतच असते. हा पहिला टप्पा. यावर कोणी म्हणेल की पृथ्वी हळू पडते आणि बाण वेगाने, म्हणून तो तिला गाठतो. तेही शक्य नाही, असे भास्कराचार्य म्हणतात. अधिक जड वस्तू अधिक वेगाने पडते, आणि पृथ्वी तर बाणाच्या मानाने अतिशय जड आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. जड वस्तू अधिक वेगाने पडते, हे दुसऱ्या टप्प्यातील गृहीतक चुकीचे आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचेही असेच मत होते आणि ते खोडून काढण्याचे श्रेय मुख्यतः सतराव्या शतकातील गॅलिलिओला दिले जाते. हवेचा अडथळा वगळला तर दगड आणि पीस सारख्याच त्वरणाने पडतात. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ हे त्वरण दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद असते. जड वस्तूवरील बल जास्त असते हे खरे, पण तिला हलवणेही तितकेच कठीण असते, आणि दोन्हींचे गुणोत्तर तेच राहते.

पहिला टप्पा मात्र आजच्या भौतिकशास्त्रालाही मान्य व्हावा असा आहे. समजा, पृथ्वीचे स्वतःचे आकर्षण नाही आणि पृथ्वी व बाण दोन्ही कोणत्या तरी बाह्य कारणाने सारख्याच त्वरणाने खाली जात आहेत. बाण सेकंदाला १० मीटर वेगाने वर सोडला, तर एका सेकंदानंतर दोघांतील अंतर १० मीटर, दोन सेकंदांनंतर २० मीटर असे वाढतच जाईल. बाण परत येणार नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात अंतराळवीराच्या हातून सुटलेली लेखणी तरंगत राहते, तीही याच कारणाने. यान आणि लेखणी दोन्ही एकत्र पडत असतात. भास्कराचार्यांनी दुसऱ्या टप्प्याची भर घातली नसती, तरी त्यांचा निष्कर्ष अबाधित राहिला असता.

चालीचे गणित

पडण्याविषयी भास्कराचार्यांनी कारण सांगितले, माप सांगितले नाही. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात किती आणि दुसऱ्या सेकंदात किती अंतर कापतो, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथांत येत नाही. नवल याचे की त्या मापासाठी लागणारे गणित त्यांच्यापाशी होते, आणि तेही दोन निरनिराळ्या ठिकाणी.

लीलावतीच्या श्रेढी प्रकरणात एका राजाचे उदाहरण आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी तो निघतो. पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, पुढे रोज सारख्याच वाढीने चाल वाढवतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरील नगर गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर बावीस सप्तमांश योजने. पडणाऱ्या दगडाचे गणित याच घडणीचे आहे. दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७ मीटर आणि तिसऱ्यात २४.५ मीटर पडतो. दर सेकंदाला वाढ ९.८ मीटरची. राजाची चाल आणि दगडाची चाल दोन्ही समान वाढीच्या श्रेढी आहेत. या सेकंदागणिक अंतरांचे प्रमाण १, ३, ५ असे विषम संख्यांचे असते, हे गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून ताडून पाहिले आणि १६३८ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

दुसरे ठिकाण ग्रहगणितातले. ग्रहाची आजची आणि उद्याची स्थिती यांतील फरक म्हणजे त्याची दैनिक गती. चंद्राची दैनिक गती सुमारे १२ ते १५ अंशांच्या दरम्यान सतत बदलते, त्यामुळे दिवसाची सरासरी धरून तिथीचा शेवट काढला तर तो चुकतो. म्हणून भास्कराचार्यांनी स्थूल गती व 'तात्कालिक' गती असा भेद केला. तात्कालिक म्हणजे त्या क्षणाची. ती काढताना कोनाच्या ज्येतील सूक्ष्म बदल त्या कोनाच्या कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम त्यांनी वापरला. आजच्या भाषेत साइनचे विकलन कोसाइन येते. दहाव्या शतकातील मंजुल यांच्या ग्रंथात याच स्वरूपाची रीत आढळते, परंतु तिची संकल्पना व उपपत्ती स्पष्ट केली ती भास्कराचार्यांनी. ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थितींतील फरक जेथे सर्वाधिक असतो तेथे त्या फरकाची गती शून्य होते, हेही त्यांनी ओळखले होते. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर वेगहीन असतो, त्या मागचे गणितही हेच.

राजाची चाल दिवसागणिक टप्प्याटप्प्याने वाढते, दगडाची चाल क्षणाक्षणाला. हे अंतर सांधायला तात्कालिक गती पुरेशी होती. परंतु श्रेढी पाटीगणितात राहिली, तात्कालिक गती ग्रहांपुरती वापरली गेली आणि पडणारी वस्तू भुवनकोशात थांबली. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथातील हे तीन धागे एकत्र गुंफले गेले नाहीत. ग्रहांची गती मोजण्यामागे पंचांग, ग्रहणे व मुहूर्त यांची गरज होती. दगड किती वेगाने पडतो हे जाणून घेण्याची निकड कोणालाच नव्हती.

लीलावतीतील आणखी दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते. नऊ हात उंच खांबावरचा मोर सत्तावीस हात दूर असलेल्या सापावर तिरकी झेप घेतो आणि बिळापासून बारा हातांवर त्याला पकडतो. दुसऱ्या उदाहरणात शंभर हात उंच झाडावरून एक वानर खाली उतरून दोनशे हात दूरच्या तळ्यापर्यंत जाते, तर दुसरे आधी वर उडी घेऊन मग तिरके तळ्याकडे येते. दोघांचे अंतर सारखे असेल तर उडी पन्नास हातांची. दोन्ही ठिकाणी मार्ग सरळ रेषेचा आहे. खऱ्या वानराची उडी वक्र, अन्वस्ताकार असते. अर्थात ही उदाहरणे काटकोन त्रिकोणाची आहेत, उडीची नव्हेत; भास्कराचार्यांना कर्ण हवा होता आणि तो त्यांनी अचूक काढला.

स्वयंवह यंत्र

गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात कालमापनाची व वेधाची अनेक साधने वर्णिली आहेत. फलकयंत्राचे वर्णन तेथेच येते. सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र म्हणजे बुद्धी, अशी त्यांची धारणा. साध्या काठीने उंची व अंतर काढण्याच्या रीतीला त्यांनी 'धीयंत्र' असे नाव दिले.

याच अध्यायात आपोआप फिरणाऱ्या चक्राची कृती आहे. हलक्या लाकडाचे चक्र घ्यावे. त्याला समान अंतरावर सारख्या मापाचे पोकळ आरे बसवावेत. ते सर्व एकाच बाजूला किंचित वळलेले असावेत. त्यांत अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंडे बंद करावीत आणि चक्र दोन आधारांवरील आसावर ठेवावे. एका बाजूच्या आऱ्यांतील पारा बाहेरच्या टोकाकडे आणि दुसऱ्या बाजूचा आसाकडे जातो, त्या ओढीने चक्र फिरत राहते, अशी त्यामागची उपपत्ती. पाऱ्याच्या चक्राची कल्पना ब्रह्मगुप्तांपासून चालत आली होती. वाकनळीने पाणी सोडून फिरवायचे चक्रही भास्कराचार्यांनी सांगितले आहे, परंतु बाहेरच्या पाण्यावर अवलंबून असल्याने त्याला त्यांनी कमी प्रतीचे मानले.

प्रत्यक्षात चालेल ते नेमके हे कमी प्रतीचे चक्रच. पाऱ्याच्या चक्रात एका बाजूचा पारा आसापासून दूर असतो हे खरे, पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या अधिक आऱ्यांत पारा असतो आणि दोन्ही बाजूंचे फिरवण्याचे बळ एकमेकांना तोलते. चक्राला हाताने गती दिली तर ते काही फेरे घेईल. त्यानंतर आसातील घर्षण, हवेचा विरोध आणि आऱ्यांत पाऱ्याची होणारी घुसळण यांमुळे गतीची ऊर्जा उष्णतेत बदलत जाईल आणि चक्र थांबेल. घर्षण पूर्णपणे काढून टाकता आले तरी चक्र मिळालेली गतीच टिकवील. त्यातून काम करून घेऊ लागताच तेही मंदावेल. पाण्याच्या चक्राला मात्र उंचावरून पडणारे पाणी सतत ऊर्जा पुरवत असते. अशा स्वयंचलित चक्रांचा मोह पुढे युरोपातही शतकानुशतके टिकला. तेराव्या शतकातील व्हिलार द ओनकूर या फ्रेंच शिल्पीच्या वहीत असेच एक चक्र काढलेले आहे, आणि ही कल्पना भारतातून पश्चिमेकडे गेली असावी, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

पुढील परंपरा

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकात भोपाळजवळील सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर केले. त्यांच्या सहवासातील सुबाजी बापू यांनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहून पौराणिक भूगोल, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांची तुलना केली. सपाट पृथ्वीचे मत खोडण्यासाठी त्या काळी भास्कराचार्यांचा आधार परदेशी पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडे.

विल्किन्सन यांचे भाषांतर पुढे बापूदेव शास्त्री यांनी तपासले आणि ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळचे पुण्याचे असलेले बापूदेव बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात गणित शिकवीत. १८५८ मध्ये त्यांनी एका लेखात तात्कालिक गतीचा दाखला देऊन भास्कराचार्यांना कलनशास्त्राचे मूलतत्त्व ठाऊक होते असे प्रतिपादन केले. त्यावर १८६० मध्ये विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञाने उत्तर दिले : रीत कलनाशी मिळतीजुळती आहे, पण अत्यल्प राशींचा विचार ग्रंथात उघडपणे मांडलेला नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. गुरुत्वाकर्षणाचा वादही याच पद्धतीने, मूळ श्लोक व भाष्य समोर ठेवून झाला असता, तर अतिशयोक्तीला फारसा वाव राहिला नसता. न्यूटनचा १६८७ चा नियम चंद्राची प्रदक्षिणा आणि फळाचे पडणे एकाच सूत्रात बांधतो आणि अंतर दुप्पट झाल्यास ओढ एक चतुर्थांश होते असे माप देतो. भास्कराचार्यांचे आकर्षण पृथ्वीपुरते होते. ग्रहांना त्यांच्या मते प्रवह वायू फिरवीत असे.

७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी सोडण्यात आलेल्या भारताच्या दोन भूनिरीक्षण उपग्रहांना दोन्ही भास्करांच्या स्मरणार्थ 'भास्कर' हे नाव देण्यात आले. पाटण येथील देवीचे मंदिर व शिलालेख पाहण्यासाठी चाळीसगावहून रस्त्याने जाता येते.